भाझे पुस्तक

ती पिशवी जमिनीवर नको टेकवू, दिपाली. पुस्तकं आहेत ना आत? खाटेवर ठेव. हं. किती झाली? सव्वीस? वा! आणि उद्या सकाळी तुम्ही कॉलेजची पोरं ती एसटीच्या थांब्याथांब्यावर ठेवत जाणार. कोणीही उचला, वाचा आणि पुढच्यासाठी परत ठेवा. चांगलं आहे की. मी कुठं वाईट म्हणतो? आजीच्या कपाटातलीही ने, मला काय त्यांची भाजी करायचीय?

फक्त एक काम कर. प्रत्येक पुस्तक उघड. पहिलं पान बघ. कोणाचं होतं ते वाच, आणि मग ठेव.

दात काय काढतेस? हेमकांत, तूही तो मोबाईल पालथा घाल. केळीला पाणी द्यायला लाईट साडेनऊला येणार, तोवर तुला इथं डास मारत बसायचंच आहे. मी सांगतो ते ऐका. ऐकीव नाही. शहाद्याचे छगनलाल शेठ, कापडवाले, तुमच्या बापाच्या लग्नाचा बस्ता ज्यांच्याकडून आणला ते, त्यांच्या बाबतीत झालेलं आहे. त्यांना शेठ तुम्ही म्हणायचं. मी छगनच म्हणणार. चौथीपर्यंत एका बाकावर बसलोय आम्ही. मी तेव्हा शहाद्याला मामाकडे होतो, आणि मामाच्या भिंतीला भिंत लागून छगनचं घर.

छगनला मोठी बहीण होती. धनकंवर. घरात सगळे तिला धनजीजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. तेरा वर्षांची असेल. तिला शाळेत घातलंच नव्हतं. पण मुलीला वाचायची हौस अशी, की किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून बघत बसायची. रोज संध्याकाळी छगन पाटी घेऊन बसला की ही शेजारी. "छगन, ओ कांई है?" म्हणजे, हे काय आहे? हा आठ वर्षांचा. याला खेळायला जायचं असायचं आणि मी गल्लीतून हाका मारत असायचो, "छगन्या, येस का नही?" एके दिवशी तो चिडला. पाटीवर म काढला आणि सांगितलं, हा भ. भ काढला आणि सांगितलं, हा म. डोळा मारला मला. मी खिडकीत उभा होतो.

मी हसलो. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवायला नको.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, चार दिवसांत कळलं असतं तिला. मलाही तसंच वाटलं होतं. पण नीट विचार करा. घरात बोलणं मारवाडी. ओट्यावर आली की आपली अहिराणी. आणि पुस्तकात कोणती भाषा? शाळेची मराठी, जी तिच्या आसपास एकही माणूस बोलत नव्हता. पुस्तकात तिला 'भाणूस' दिसला, 'मात' शिजताना दिसला, तर ती काय समजणार? पुस्तकातल्या मराठीत असंच म्हणत असतील! आपल्याला काय कळतंय! तिला वाटलं ही छापील लोकांची बोली आहे. तिनं ती बोली शिकून घेतली, बिचारीनं. एकेक ओळ वाचायची आणि भावाला विचारायची, "बराबर बांच्यो?" बरोबर वाचलं का? आणि हा म्हणायचा, हो जीजी, बराबर.

मग तिचं लग्न झालं, आणि एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून ती परत आली. माडीवरची खोली तिला दिली. पुढं एकदा पर्युषणात, जैन स्थानकात... अरे एसटीचं नाही, हेमकांत, त्यांचं धर्माचं स्थानक... तिथं वाचणारी बाई आजारी पडली. कोणीतरी म्हणालं, धनकंवरला वाचता येतं. ही उठली. पन्नास बायका समोर. आणि हिनं मोठ्यानं, खणखणीत सुरू केलं, "मगवान भहावीर..."

हसू नका! त्या हसल्या तेवढं पुरे झालं.

घरी आली ती सरळ छगनसमोर. मी त्या दिवशी दुकानात गादीवर बसलेलो. पुस्तक उघडून अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "छगन, ओ म है कि भ?" छगन तेव्हा बावीसचा. नवीन लग्न झालेलं, बायको पडद्यामागं उभी, दुकानात दोन गिऱ्हाइकं. तेव्हा बोलला असता तर? "जीजी, पोरवयात चूक झाली," एवढंच. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. आणि तो म्हणाला, "मी शिकवलं तेच बराबर. बायका अडाणी आहेत, तू लक्ष नको देऊ."

पन्नास बायका खोट्या ठरल्या आणि भाऊ खरा ठरला. त्या दिवसापासून ती चारचौघांत वाचायची बंद झाली. पण वाचायची सुटली नाही. दार लावून वाचायची. यात्रेतून, बसस्टँडवरून, कोणी नंदुरबारला गेलं तर तिथून पुस्तकं मागवायची. गोष्टींची, धर्माची, लोणच्यांचीसुद्धा. आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर शाईनं, ठळक, 'भाझे पुस्तक. धनकंवर.' मनात माझे, पण म म्हणून तिला शिकवलेलं अक्षर भ.

पंच्याहत्तराव्या वर्षी गेली. दिवाळीनंतर. दोनशेवर पुस्तकं मागं राहिली.

पुढच्या वर्षी छगनच्या नातवाचं, पुनीतचं लग्न ठरलं. सून अल्पना म्हणाली, माडीवरची खोली नव्या जोडप्याला लागेल, पुस्तकांचं बघा काहीतरी. आता बघणार काय? आपण रद्दीवाल्याला हाक मारली असती. त्यांच्यात चालत नाही ते. पुस्तकाला पाय लागलेला चालत नाही, थुंकी लावून पान उलटलेलं चालत नाही, रद्दीत तर नाहीच नाही. ज्ञानाची आशातना म्हणतात, म्हणजे विद्येचा अपमान, मोठं पाप. जाळायची नाहीत, विकायची नाहीत, ठेवायला जागा नाही. तेव्हा नात जिनल म्हणाली, दादाजी, शहरात लोक पुस्तकं बसथांब्यावर ठेवून देतात, अनोळखी लोक नेऊन वाचतात. तू करतेस तेच. शेठ खूश! पुण्याचं पुण्य, आणि खोली रिकामी.

चिठ्ठ्या छापून घेतल्या. 'हे पुस्तक आपलेच समजा. वाचा, पुढे द्या. छगनलालजी यांजकडून ज्ञानभेट.' आणि त्या चिठ्ठ्या कुठं चिकटवल्या माहितीये? पहिल्या पानावर. बरोब्बर 'भाझे पुस्तक'वर. लोक बहिणीच्या शुद्धलेखनाला हसतील, घराण्याची शोभा होईल, असं मला सांगितलं. मी विचारलं, "शोभा कोनी व्हई, तिन्ही का तुन्ही?" तर पुढच्या चिठ्ठीला डिंक लावायला लागला. पेपरात फोटो आला, एका कार्यक्रमात शाल-नारळ मिळालं. मी टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेत होतो. माझं तरी काय सांगू तुम्हाला.

आता ती रात्र. दोन हजार तेवीस, डिसेंबरची अकरा तारीख, सोमवार. अमावस्या विचारशील तर ती दुसऱ्या दिवशी होती. रात्रीचे बारा वगैरे काही नाही, संध्याकाळचे पावणेआठ. मारवाडी माणूस, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा. शेवटची पिशवी उरली होती, एकोणीस पुस्तकांची. ती स्कुटीला अडकवून छगन शहाद्याहून आपल्या प्रकाशा गावाच्या रस्त्याला लागला. सहा पहिल्या थांब्यावर ठेवली, सहा दुसऱ्यावर, आणि उरलेली सात घेऊन आपल्या फाट्यावरच्या निवाऱ्यात आला. तोच, आपला, सिमेंटचा. दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्याची एक ट्रॉली नुकतीच गेलेली, रस्त्यावर टिपरं पडलेली. आत कोणी नव्हतं. त्यानं बॅटरी मारून पाहिलं होतं, हे तो शपथेवर सांगतो. बाकावर पुस्तकं नीट रचली. पिशवीची घडी केली. स्कुटीकडे आला.

चावी फिरवणार, तोच मागून आवाज आला. कोणीतरी वाचत होतं.

पहिल्यांदा त्याला काय वाटलं असेल? आनंद झाला! म्हणाला, वा रे वा, ठेवलं नाही तोच वाचणारा मिळाला. उसातून एखादी मजूर बाई आली असेल. हसतच वळला.

निवाऱ्यात काळोख होता.

मग त्याच्या लक्षात आलं. वाचणारी बाई. आणि दिवा नाही. काडी नाही. मोबाईल नाही.

"एका... गावात... एक..."

बाईचाच आवाज. म्हातारा. अक्षराखाली बोट सरकवत वाचतात ना, तसा. एकेक शब्द पुढं ढकलत.

"एका... गावात... एक... मला... भाणूस... राहत... होता."

भला माणूस. पुस्तकात छापलेलं होतं भला माणूस.

छगनचे पाय जागीच राहिले. बॅटरी हातात होती, पण हात वर होईना. तो म्हणतो, मी पुढं पाहिलंच नाही. खाली बघत होतो. उसाची टिपरं मोजत होतो.

आवाज थांबला.

मग...

"छगन, बराबर बांच्यो?"

काय, दिपाली? घाबरलीस? सरक इकडे. हेमकांत, तो कंदील मोठा कर जरा. बास, एवढाच.

छगन टिपरंच मोजत राहिला. रस्त्यावर एक गाडी नाही. ऊस हलत नव्हता. आणि आतून पुन्हा तीच ओळ. पहिल्यापासून. जास्त सावकाश. शाळेत चुकलेलं पोर पुन्हा वाचतं तसं.

"एका... गावात... एक... मला... भाणूस..."

"बराबर बांच्यो?"

...

त्याला कळत होतं. तो स्वतः मला म्हणाला, गिरधर, मला सगळं कळत होतं. ती मला धरायला आली नव्हती. मारायला आली नव्हती. फक्त विचारत होती. साठ वर्षांत पहिल्यांदा आजूबाजूला कोणी नव्हतं. बायको नाही. गिऱ्हाईक नाही. पेपरवाला नाही. एकच शब्द बोलायचा होता. नाही. नाही जीजी. तोंड उघडलं त्यानं. 'ना' जिभेवर आला...

तिसऱ्यांदा ओळ वाचून झाली. आता आवाज बाकावरून येत नव्हता. दाराशी आला होता.

"छगन..."

...

"हो," छगन म्हणाला. "हो जीजी. बराबर."

आतून कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला. असा. समाधानानं. आणि मग काहीच नाही.

मी जेवायला बसलो होतो. सव्वाआठ झाले असतील. दारात स्कुटी घरघरतेय, बंद करायचं भान नाही, आणि अंगणात छगन उभा. मी म्हटलं, "काय व्हयनं छगन? घरमा ये." आत येईना. तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "गिरधर, माझ्या तोंडून 'हो'च निघालं रे."

मी असा संतापलो! म्हटलं, अरे नालायका, जितेपणी फसवलंस ते फसवलंस, मेलेल्या बाईशीही खोटं? ती तिकडून, इतक्या लांबून, एवढंच विचारायला आली, आणि तू तिला तेच पुन्हा देऊन परत पाठवलंस? हातातला घास टाकून मी उठलो होतो. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "चल मग. आत्ता चल. तू सांग तिला. तूही होतास खिडकीत."

आणि मी... मी म्हटलं, सकाळी जाऊ.

हे मी तुमच्या आजीलाही सांगितलेलं नाही. फाटा इथून किती? अर्धा कोस. तोंड उघडून त्याला शिव्या देणं सोपं होतं. माझ्यानं अंगण ओलांडवलं नाही. रात्रभर दोघं या ओट्यावर बसलो. तो म्हणत होता, सकाळी सांगतो, सकाळी नक्की सांगतो, पहिला शब्द तोच बोलतो. मी हूं हूं करत होतो. मला ऐंशी वर्षांचं म्हातारपण एका रात्रीत आलं.

साडेसहाला निघालो. धुकं होतं. छगन पुढं, मी चार पावलं मागं. निवाऱ्यात पोचलो तर बाकावर एकही पुस्तक नव्हतं. न्यायलाच ठेवली होती म्हणा. पण पहाटे तिथून कोण गेलं असेल, कोणास ठाऊक. मी बाहेरच थांबलो. छगन आत गेला, हात जोडले, घसा खाकरला. आणि थांबला.

"गिरधर," म्हणाला, "आठे ये." मी आत गेलो.

बाकाच्या मागच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. बाकावर बसलेल्या बाईचा हात पोचेल, तेवढ्या उंचीवर. खडू नाही, कोळसा नाही. ओल्या सिमेंटवर बोटानं लिहावं तसं आत रुतलेलं. अरे, तो निवारा बांधून बारा वर्षं झाली होती. त्या भिंतीवर पाणी मारायला मीच जात होतो. पहारीनं खरवडली तरी पापुद्रा निघत नाही तिचा.

'छगन मला भाणूस.'

वळण तिचंच. ते ठळक, गोल. छगननं वाचलं आणि बाकावर बसला. बसला म्हणजे कोसळलाच. मग बोलला रे तो. मोठ्यानं बोलला. "जीजी, चूक है. ओ म है, ओ भ है. म्हैं थनै झूठ सिखायो." मी खोटं शिकवलं तुला. एकदा बोलला, दोनदा बोलला. तिसऱ्यांदा तर रडत, भिंतीला कपाळ लावून. एसटीला आलेली दोन पोरं दारात उभी राहून बघत होती, तरी थांबला नाही. पण आता कोणी विचारलंच नाही त्याला, बराबर का म्हणून. आवाज नाही, श्वास नाही. एक पोरगं भिंतीवरचं वाचून फिसकन हसलं. मी त्याच्यावर हात उगारला, आणि तसाच खाली घेतला. कोणत्या तोंडानं मारणार?

छगननं त्यानंतर पुस्तकं ठेवणं सोडलं. ठेवलेली शोधत फिरतो आता, चिठ्ठ्या सोडवायला. पाच-सात सापडलीत म्हणतो. निवाऱ्याला ग्रामपंचायतीनं दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा अक्षरं रंगाच्या वर. तू रोज तिथंच एसटीला बसतेस, दिपाली. तुम्ही पोरं त्याला कोणा अडाण्यानं लिहिलेलं समजून हसता. मला माहीत आहे. मी ऐकलंय.

पण तुम्ही पूर्ण वाचलेलं नाही. कोणीच खाली वाकून बघत नाही. बाकाच्या पाठीआड, त्या ओळीखाली, दुसरी ओळ सुरू केलेली आहे. त्या सकाळी छगनला उठवायला मी वाकलो तेव्हा दिसली. त्याला सांगितलं नाही. तेच वळण, तसंच रुतलेलं. मी बोट फिरवलं तर बोटाला ओलं सिमेंट लागलं.

'गिरधर.'

एवढंच. पुढची जागा कोरी आहे.